बर्फावरच्या चित्रणासाठी ठाण्यात भाड्याने घेतलेला गोप्रो हिरो १२ ब्लॅक

गुलमर्गच्या स्कीइंगसाठी नौपाड्यातील एका दुकानातून मी हा कॅमेरा भाड्याने घेतला; क्वचितच बर्फावर जाणाऱ्या ठाणेकराने तो विकत घेण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. दुकानदारांनी छातीवरचा पट्टा आग्रहाने दिला आणि तो सल्ला मोलाचा ठरला, कारण हेल्मेटवरून उतार सपाट भासतो, तर छातीवरून स्कीची टोके, हातांतील काठ्या आणि गुडघ्यांची हालचाल चौकटीत राहते व वेग खऱ्या अर्थाने जाणवतो. हायपरस्मूथ या हादरे कमी करणाऱ्या सोयीमुळे खडबडीत बर्फावरचे चित्रणही स्थिर येते.

खरी कसोटी बर्फाच्या शुभ्रतेची असते. कोणताही कॅमेरा आपोआप प्रकाश मोजताना पांढऱ्या पृष्ठभागाला करडे करू पाहतो, म्हणून ढगाळ हवेत एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) किंचित वाढवावे लागते. हे खोलीतच ठरवून ठेवावे, कारण जाड हातमोजे घालून टचस्क्रीन वापरता येत नाही. क्विककॅप्चर सुरू ठेवल्यास बंद कॅमेऱ्याचे एकच बटण दाबून चित्रण सुरू होते, ही मला सर्वांत आवडलेली सोय.

थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घातल्यास त्यावर दव धरत नाही. या मॉडेलमध्ये वेग नोंदवणारे जीपीएस नाही. चित्रफितीवर वेगाचे आकडे हवे असणाऱ्यांनी दुकानात हिरो ११ किंवा १३ मागावा.