सिस्टिक फायब्रोसिस: अझिथ्रोमायसिन की जास्त मात्रेतलं आयब्युप्रोफेन?

दोन्ही औषधं जुनी, स्वस्त, आणि मुळात दुसऱ्याच कामाची: अझिथ्रोमायसिन जंतूंवरचं, आयब्युप्रोफेन ताप-दुखण्यावरचं. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात फुफ्फुसात घट्ट कफ साचतो; तिथे दोघांकडून अपेक्षा एकच: फुफ्फुसातला दाह आटोक्यात ठेवणं.

आयब्युप्रोफेनचा पुरावा जुना आहे. १९९५ साली अमेरिकेत ८५ रुग्णांवरची चार वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. फुफ्फुसांची क्षमता घसरण्याचा वेग मंदावला, तोही लहान मुलांमध्ये सर्वाधिक. घोडं अडतं मात्रेवर. तापासाठी किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम देतात. इथे २० ते ३०, दिवसातून दोनदा, एका वेळी जास्तीत जास्त १६००. शिवाय रक्तातली कमाल पातळी मिलिलिटरमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅममध्ये बसावी लागते. त्यासाठी पहिल्या मात्रेनंतर एक, दोन आणि तीन तासांनी रक्त घेतात. वजन वाढलं की पुन्हा तपासायचं. पातळी कमी राहिली तर दाह वाढवणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची हालचाल उलट वाढू शकते. म्हणजे ‘थोडं देऊन बघू’ हा इथला सर्वात वाईट पर्याय. शिरेतून टोब्रामायसिन किंवा अमिकासिन ही प्रतिजैविकं चालू असतील तेव्हा आयब्युप्रोफेन थांबवावं; दोन्हींचा भार मूत्रपिंडांवर पडतो. शौच काळी झाली तर औषध बंद करून लगेच डॉक्टर गाठा.

अझिथ्रोमायसिन पाळायला सोपं. आठवड्यातून तीन दिवस. ४० किलोखाली २५० मिलिग्रॅम, त्यावर ५००. औषध पेशींमध्ये साठून राहतं, म्हणून रोज लागत नाही. २००३ च्या अमेरिकी चाचणीत फुफ्फुसात स्यूडोमोनास या जिवाणूचा जुनाट संसर्ग असलेल्या १८५ रुग्णांना ते २४ आठवडे दिलं किंवा त्याऐवजी निष्क्रिय गोळी दिली. औषध घेणाऱ्यांची फुफ्फुसं सरस राहिली. स्यूडोमोनास नसलेल्यांमध्ये २०१० साली चाचणी झाली. क्षमतेत फरक पडला नाही, मात्र आजार उफाळण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

सुरू करण्याआधी थुंकीची क्षयेतर मायकोबॅक्टेरियासाठी (क्षयाच्या जंतूच्या कुळातले, पण क्षय न करणारे जिवाणू) तपासणी हवीच, आणि पुढेही ठरावीक काळाने. तो संसर्ग लपलेला असताना एकटं अझिथ्रोमायसिन दिलं तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो, आणि त्याच्या उपचारातलं मुख्य शस्त्र हातचं जातं. ईसीजी काढून क्यूटी अंतर पाहावं (ते लांबलं तर हृदयाची लय बिघडू शकते), ऐकू कमी येतंय का तेही विचारावं.

स्यूडोमोनास असेल आणि थुंकीत क्षयेतर मायकोबॅक्टेरिया सापडले नाहीत, तर आमचा कौल अझिथ्रोमायसिनला. आयब्युप्रोफेनचा विचार सहा ते सतरा वयात, फुफ्फुसांची क्षमता अपेक्षित क्षमतेच्या ६० टक्क्यांहून जास्त असताना, आणि रक्तातली पातळी मोजून देणारी लॅब आधी सापडली तरच.