मॉप घेताय? आधी पिळून बघा

आमच्या मोरीत सध्या तीन दांडे उभे आहेत. एक स्पिन मॉपचा, एक सपाट मॉपचा आणि एक नुसताच दांडा, त्याचं डोकं कधीच कचऱ्यात गेलं. शेजारी नळावर एक फडकं वाळत असतं, आईच्या जुन्या सुती परकराचं. यातलं कोण कशाच्या कामाचं हे कळेपर्यंत सहा वर्षं गेली आणि पैसेही बरेच गेले. ज्यांना आत्ता एकच काहीतरी घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

घर कसं आहे ते आधी सांगते, म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला किती लागू पडतं ते तुम्ही ठरवाल. ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, सगळीकडे दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. घरात लांब केसांच्या दोघी, एक शाळकरी मुलगा आणि रस्त्याकडच्या खिडक्यांतून येणारी काळी धूळ. लादी पुसायला आठवड्यातले सहा दिवस मावशी येतात, सातव्या दिवशी आणि त्यांच्या सुट्टीत मी नाहीतर नवरा. आईचं घर वाईला, जुनं, शहाबादी फरशीचं. तिथला हिशेब वेगळा आहे, त्याबद्दल पुढे.

दुकानात गेलं की माणूस मॉप फरशीवर फिरवून बघतो. दुकानाची फरशी कोरडी, चकचकीत, तिच्यावर काहीही छानच फिरतं. बघायचं असतं ते दुसरंच. हा मॉप पिळणार कोण आणि कसा? आणि वापरून झाल्यावर तो वाळणार कुठे? मॉप पुसतात सगळेच, फरक पडतो तो या दोन ठिकाणी.

फडकं

खरं बोलायचं तर लादी सगळ्यात स्वच्छ निघते ती फडक्यानेच. चिकटपणा बोटांना कळतो, जोर कुठे द्यायचा ते कळतं, कोपऱ्यात बोट घालता येतं. सांडून वाळलेल्या वरणावरून मॉप चार वेळा फिरवावा लागतो, फडकं एकदा घासलं की झालं. जुना टॉवेल किंवा परकर फाडला की खर्च शून्य. पिळायला दोन हात पुरतात आणि दोरीवर टाकलं की दुपारपर्यंत कडकडीत.

तक्रार एकच, पण मोठी: गुडघे आणि कंबर. उकिडवं बसून मागे मागे सरकत सहाशे चौरस फूट पुसायचं, आणि ते दिवसाला चार-पाच घरी. जिने स्वतः पुसायचं नाही, तिने ‘फडक्याची सर कशाला नाही’ असं म्हणू नये. मी बरीच वर्षं म्हणत होते.

पहिला मॉप आणला तेव्हा मावशींनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, “वहिनी, ह्यानं कोपरा निघत नाही. आणि त्याच घाण पाण्यात बुडवायचं, तेच परत लादीला लावायचं.” दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या निघाल्या. पुढे दोन वर्षांनी त्यांचा गुडघा धरायला लागला, तेव्हा मॉप त्यांनीच मागितला.

(दिवाळीत केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू मिळतं. पोतेऱ्याच्या वाट्याला मात्र ‘माझं अगदी पोतेरं झालं’ एवढंच आलं.)

दांड्याला चिंध्या बांधून पुसणं तसं जुनंच. त्यात भर पडली ती बादलीची. स्पेनमध्ये घराघरात मॉप पोचवण्याचं श्रेय मॅन्युएल हालोन कोरोमिनास या विमान अभियंत्याला देतात. १९५६ च्या सुमारास त्याने दांड्याच्या मॉपबरोबर पिळायची सोय असलेली बादली आणली आणि तिथल्या बायकांचे गुडघे जमिनीवरून उठले. आजही तुम्ही मॉप घेता तेव्हा निम्मे पैसे खरं तर बादलीचेच असतात.

स्पिन की सपाट?

खरी निवड या दोघांतच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

स्पिन मॉपच्या दांड्याच्या आत पिळदार सळई असते. दांडा खाली दाबला की तिच्यामुळे डोकं जाळीत गरगर फिरतं आणि वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये होतं तेच होतं, पाणी बाहेर फेकलं जातं. किती वेळा दाबता त्यावर ओलेपणा ठरतो. चार-पाच दाब दिले तर डोकं ओलं, दहा-बारा दिले तर नुसतं दमट. हात पाण्यात घालावे लागत नाहीत, मनगट पिरगळावं लागत नाही. पिळण्याच्या परीक्षेत याला पहिला नंबर.

सपाट मॉपची बादली अरुंद आणि उभी असते, तिला दोन खाचा. एकीत डोकं घालून वरखाली केलं की ते धुतलं जातं, दुसरीत ओढलं की पट्टीवर खरवडून पिळलं जातं. डोकं फूटभर लांब, चार-पाच इंच रुंद, वर मायक्रोफायबरचं पॅड. पिळलं जातं ठीकठाक, पण स्पिनइतकं नाही, आणि पट्टी झिजली की आणखी कमी. केस मात्र पॅडमध्ये असे रुततात की शेवटी बोटांनी उपटायला लागतात. आमच्याकडच्या दोन लांब वेण्यांपुढे त्या पट्टीचं काही चालत नाही.

पुसण्यात मात्र सपाट सरस. त्याला कोपरे आहेत, म्हणून भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यात तो जातो. स्पिनचं गोल डोकं कोपऱ्यात नुसती झालर फिरवून परत येतं. दिवाणाखाली, फ्रिजखाली, कपाटाच्या चार बोटं फटीत सपाट मॉप झोपून शिरतो.

आता पाणी. स्पिनच्या बादलीत धुण्याचं आणि पुसण्याचं पाणी एकच, म्हणजे मावशींची दुसरी तक्रार. त्यावर आम्ही काढलेला उपाय असा: शेजारी एक साधी बादली ठेवायची. लादीवरून आलेला मॉप आधी तिच्यात खंगाळायचा, मगच स्पिनच्या बादलीत बुडवून फिरवायचा. पहिल्या दिवशी साध्या बादलीतलं पाणी बघून नवऱ्याने विचारलं, “हे सगळं आपल्या घरातलं?” हॉल आणि एक खोली झाली की ते काळं पाणी ओतून द्यायचं. एवढं करायचं नसेल तर निदान दर दोन खोल्यांनी पाणी बदला, नाहीतर शेवटच्या खोलीला हॉलची धूळ मिळते. सपाटच्या बादलीत मुळातच पाणी थोडं मावतं, त्यामुळे ते आणखी लवकर बदलावं लागतं, आणि त्या अरुंद खाचेत तळाला साचलेला गाळ काढणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. खाली बूच असलेली बादली बघून घ्या.

स्पिनची आणखी एक खोड. पाण्यात खडे मीठ टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. टाकायचं तर टाका, पण दांड्यातली सळई आणि जाळीचा खिळा पोलादी असतो, मिठाने गंजतो. काम झाल्यावर साध्या पाण्यातून एकदा फिरवून काढा. आणि भरलेली बादली उचलू नका. चाकं असली तरी ती उंबऱ्याशी अडतात आणि नेमकी तिथेच पाठ धरते. मोरीतून निम्मीच भरून आणावी.

पिळणं जमतंय की नाही हे ओळखायला एक सोपी खूण आहे. पुसल्यावर पंखा लावा. दोन-तीन मिनिटांत लादी वाळली तर ठीक. पाच मिनिटांनीही पावलं उमटत असतील तर तुम्ही पुसत नाही आहात, धूळ भिजवून पसरवत आहात.

माझा कौल: मोठं घर, रोज पुसणं, पुसणारी व्यक्ती वेगळी, तर स्पिन. एकटं-दुकटं घर, खाली जागा असलेलं फर्निचर, आठवड्यातून तीनदा पुसणं, तर सपाट. घरी पुसणारी व्यक्ती सत्तरीची असेल तरीही सपाट, कारण बादली हलकी आणि दांडा जोराने दाबावा लागत नाही.

बाकीचे थोडक्यात

स्प्रे मॉपला दांड्यावर छोटी बाटली असते, चाप ओढला की समोर फवारा. चहा सांडला, पाहुणे दारात आहेत, अशा वेळी याच्यासारखं काही नाही. पण अख्खं घर एका पॅडने पुसाल तर तिसऱ्या खोलीत त्याच पॅडची घाण लादीला लागते. तीन पॅड असतील तरच घ्या. बोअरचं पाणी असेल तर क्षारांनी फवाऱ्याचं भोक बुजतं, बाटलीत आरओ फिल्टरचं पाणी भरावं.

बाही ओढून पिळायचा ट्विस्ट मॉप स्वस्त आणि आटोपशीर, पण सगळा जोर मनगटावर. ज्यांची बोटं सकाळी आखडतात त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्पंजचा मॉप, लिव्हर ओढला की मध्ये दुमडतो तो. सांडलेलं पाणी टिपायला अव्वल. मोरीत उभा असलेला तो बिनडोक्याचा दांडा याचाच. हा स्पंज वाळला की खाकऱ्यासारखा कडक होतो आणि वापरण्याआधी दहा मिनिटं पाण्यात ठेवून मऊ करावा लागतो. वेष्टनावर तसं लिहिलेलं होतं. मी न वाचता लिव्हर ओढला आणि कट्ट आवाज आला.

जाड सुती दोऱ्यांचा साधा मॉप सोसायटीच्या जिन्यासाठी ठीक. ओला झाला की जड होतो, पिळायला हातच लागतात, आणि पावसाळ्यात तो वाळतो असं मी तरी पाहिलेलं नाही.

लादी कुठली, पाण्यात काय

वाईच्या घरी मी मोठ्या हौसेने मायक्रोफायबरचा सपाट मॉप नेला. शहाबादीच्या खडबडीत पाठीवर आणि सांध्यांच्या कडांवर त्याचे धागे अडकून आठवड्यात पॅडला गुठळ्या आल्या. आईने तो कोपऱ्यात ठेवला आणि सुती फडकं दांड्याच्या चिमट्यात अडकवून काम सुरू केलं. खडबडीत दगडाला सूत, गुळगुळीत टाइलला मायक्रोफायबर. कोकणातल्या घरांतला घोटीव लाल कोबा याबाबतीत टाइलच्या बाजूला. लाकडी किंवा लॅमिनेट फरशी असेल तर मॉप इतका पिळा की तळहाताला फक्त गार लागेल. पाणी सांध्यात मुरलं की पाट्या फुगतात.

शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याच्या कुळातले दगड, आणि मोझेकमध्येही संगमरवराच्याच कपच्या असतात. यांना आम्ल चालत नाही. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, संडास धुवायचं लिक्विड तर नाहीच. आईच्या माजघरात कुणीतरी ते ओतलं होतं, तो पांढरट डाग अजून आहे.

फिनेल म्हणाल तर अर्ध्या बादलीला एक झाकण पुष्कळ झालं. ‘वास आला पाहिजे’ म्हणून जास्त ओतलं की टाइलवर चिकट थर बसतो, त्यावर धूळ पकडली जाते आणि दुपारी तळवे काळे. कपड्यांच्या पावडरचंही तेच. घरात मांजर असेल तर फिनेल टाळलेलंच बरं, ती पंजे चाटते आणि तिला ते बाधतं. आणि ब्लीच कधीही आम्लाच्या क्लीनरमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

धुणं आणि वाळवणं

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे अतिबारीक, चिरलेले धागे. त्या चिरांमध्येच धूळ अडकते. म्हणून फॅब्रिक सॉफ्टनर घालायचं नाही, त्याने चिरा बुजतात. ब्लीच नाही, उकळतं पाणी नाही. टॉवेलबरोबर धुवायचं नाही, टॉवेलचा सगळा कापूस त्याला चिकटतो. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात अर्धा चमचा पावडर, अर्धा तास भिजवायचं, चोळायचं, भरपूर पाण्यात खंगाळायचं. ज्या मशीनमध्ये कपडे धुतो तिच्यात पोतेरं कसं घालायचं, हा प्रश्न आमच्याकडे सासूबाईंनी कायमचा निकालात काढलाय. वेगळी बादली.

मॉप डोक्यावर उभा करून बादलीत ठेवला की दोन दिवसांत कुबट वास येतो आणि धागे एका बाजूला चपटतात. उलटा टांगायचा. भिंतीला चिकटणारी दहा-वीस रुपयांची क्लिप पुरते, पण जागा अशी हवी जिथे खिडकीचा वारा लागेल. जून ते सप्टेंबर एक डोकं रात्रीतून वाळत नाही, तेव्हा दोन डोकी आलटूनपालटून वापरावी लागतात.

म्हणून घेतानाच सुटी डोकी विचारा. बरीचशी गोल डोकी सोळा सेंटीमीटरच्या चकतीला बसतात आणि कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतात. तिकोनी किंवा चौकोनी असेल आणि त्याची डोकी फक्त ऑनलाइन मिळत असतील तर दोन वर्षांनी हातात नुसता दांडा राहतो. दांड्याची उंचीही दुकानातच बघा, हनुवटीपर्यंत यायला हवा. त्याहून आखूड असला की वाकावं लागतं, मग मॉप कशाला घेतला?

मावशी आता रोज स्पिन मॉप फिरवतात. कोपरे मात्र शनिवारी, खुर्चीवर बसून, त्या परकराच्या फडक्याने. ते फडकं नंतर मी धुवायला घेतलं तर हातातून काढून घेतात. म्हणतात, वहिनी, राहू द्या, तुम्हाला पिळता येत नाही.