आगाशीची सुकेळी: महाग आहेत, तरी घ्या

यंदाची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, विरारजवळच्या आगाशीच्या पुढे, अर्नाळ्याच्या वाटेवरच्या एका वाडीतून घेतली. दुकान नाही, पाटी नाही. ओळखीतून फोन करायचा, नाव सांगून ठेवायचं आणि तयार झाली की ती करणाऱ्या मावशींच्या पडवीतून जाऊन आणायची. वाट बघावी लागते, पण माल पहिल्या प्रतीचा.

केळीच्या सुक्या पानात गुंडाळून सोपटाने आवळलेली जुडी मिळते. आतली सुकेळी काकवीच्या रंगाची, बोटाला चिकटणारी, पण ओली नव्हेत. एक उभं फाडून पाहिलं. मधोमध बियांची काळी बारीक रेघ, गर सगळीकडे सारखा वाळलेला, कुठेही कच्चट पांढरेपणा नाही. दाताखाली थोडं ताणतं, मग विरघळतं. आधी गोडी आणि मागून किंचित आंबूस चव. ती आंबूस चव हीच खरी खूण. शहरातल्या एका सुक्या मेव्याच्या दुकानातून मागे याच नावाने पाकीट घेतलं होतं, ते नुसतं साखरेत घोळवलेलं, केळ्याची चवच नाही. खऱ्या सुकेळ्यात साखरेचा कण घालत नाहीत.

भाव खजुरापेक्षा बराच जास्त आहे. तो का, हे मावशींच्या अंगणात उभं राहिलं की कळतं. केळं लागतं राजेळी जातीचंच. घड उतरवायचा, पिकवायचा, साली काढायच्या आणि उंच मांडवावर चटईत केळी ओळीने मांडायची. रोज हाताने एकेक उलटायचं. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं घरात, सकाळी पुन्हा बाहेर. असं कितीतरी दिवस. मध्येच आभाळ आलं तर केलेली मेहनत आंबून जाते. “ऊन माझ्या हातात नाही गं, बाकी सगळं करते,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या मुली-सुना नोकरीला जातात, त्यामुळे उलटायचं काम त्या एकट्याच करतात.

माझं माहेर आगाशीशेजारच्या बोळींजचं, म्हणून हे लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही. १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही आगाशीच्या सुक्या केळ्यांची नोंद आहे, म्हणजे हा धंदा तेव्हाच नावाजलेला होता. त्याआधी १८६४ साली रेल्वे आली आणि इथल्या वाड्यांना मुंबईचा बाजार मिळाला. वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती, भंडारी, सगळ्यांची घरं केळी, पानवेली, भाजी आणि फुलांवर उभी राहिली. पहाटेच्या गाडीने टोपल्या दादरला जायच्या. मुंबईत दारोदार केळी आणि भाजी विकणाऱ्या वसईवाल्या जुन्या लोकांना अजून आठवतात. पाणी कुठून? विहिरीवरच्या रहाटातून आणि बावखलातून. बावखल म्हणजे वाडीतलं खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं आणि विहिरी गोड राहायच्या.

ही घडी एका दिवसात मोडली नाही. जळगावची केळी ट्रकने येऊ लागली, तेव्हा भावात टिकणं अवघड झालं. राजेळी उंच वाढते, वाऱ्याने पडते, घड द्यायला वेळ घेते. हिशोब मांडणारा शेतकरी ती लावेल कशाला? मग पंप आले, त्यामागून टँकर आले. वाढत्या वस्तीसाठी विहिरी रात्रंदिवस उपसल्या आणि किनाऱ्याकडच्या कित्येक विहिरींना खारं पाणी लागलं. खाऱ्या पाण्यावर पानवेल जगत नाही. पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती लढली. त्या लढ्याचं ऋण आम्ही मानतोच, कारण रेल्वेच्या पश्चिमेला आज जे काही हिरवं उरलंय त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण जमिनीचा भाव एकदा केळीच्या भावाला भारी पडला की चार भावांत वाटलेली वाडी किती काळ टिकणार? बावखलं बुजली, त्यांवर इमारती आल्या. जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, लोकल बंद पडल्या, तेव्हा लोक पावसाला बोल लावत होते. पाणी मुरायच्या जागा आपणच बुजवल्या, हे मात्र फार थोडे बोलत होते. मला त्याचा अजून राग येतो.

म्हणून या जुडीची किंमत मला जड वाटत नाही. राजेळी लावलेली जमीन, गोडं पाणी, मोकळं अंगण आणि उन्हात बसणारं माणूस, एवढं सगळं एका घरात टिकलं तरच सुकेळी होतात.

आता तक्रारी. पानाची जुडी प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत घालून देतात. त्यात घाम धरतो. घरी आल्यावर लगेच काढून काचेच्या बरणीत भरा. कधी केली त्याची तारीख कुठेच नसते. मावशींना तोंडी विचारावी लागते, त्यांनी कागदावर लिहून दिली तर बरं होईल. आमच्या जुडीतली टोकाकडची दोन-तीन जास्त वाळून चामट झाली होती. ती दुधात भिजवून शिऱ्यात घातली, छान लागली.

घ्यायची असतील तर दसऱ्याच्या सुमाराला नाव सांगून ठेवा, पाऊस सरल्यावर कडक ऊन पडलं की पहिला घाणा निघतो. घासाघीस करू नका. आणि मावशींना राजेळी कोणाच्या वाडीतली ते विचारा. त्या आनंदाने सांगतात, शेजारच्या वाडीतली वेलची केळी आणि सोनचाफाही मिळवून देतात. तेवढीच त्या वाडीवाल्याचीही विक्री होते.