मुठीतली दांडी आणि 'नसा साफ' करणारी पावडर

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या सभामंडपात 'मोफत हृदय तपासणी शिबिर' भरतं. टेबलावर लॅपटॉप असतो, त्याला वायरने जोडलेली धातूची एक दांडी. नाव, वय, उंची, वजन टाइप करतात, दांडी मुठीत धरायला देतात आणि मिनिटभरात कित्येक पानांचा रंगीत रिपोर्ट तयार होतो. रिपोर्टवर 'क्वांटम' किंवा 'मॅग्नेटिक' असा एखादा भारदस्त शब्द असतो. आत 'रक्ताची चिकटाई', 'कोलेस्टेरॉल क्रिस्टल', 'रक्तवाहिन्यांची लवचिकता' अशा ओळी, काही लाल रंगात. मग समोरचा माणूस आवाज खाली आणून सांगतो, "काका, नसांमध्ये कचरा साचलाय. आत्ताच साफ केला नाहीत तर थेट अँजिओप्लास्टी."

या रिपोर्टला काडीचाही अर्थ नाही. रक्त घेतल्याशिवाय कोलेस्टेरॉल मोजता येत नाही. लॅबच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल), एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) असे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतात, आणि 'कोलेस्टेरॉल क्रिस्टल' नावाची तपासणी त्यात नसते. बोटाला सुई टोचून पट्टीवर करायची तपासणी खरी असते, पण तिच्यावरून औषध सुरू किंवा बंद करू नये. लॅबमधून खात्री करून घ्यावी. दांडीवाल्यांची परीक्षा सोपी आहे. त्याच माणसाला वेगळं नाव आणि वीस वर्षांनी वेगळं वय सांगून पुन्हा रांगेत उभं करा आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा. शरीर तेच, तेव्हा रिपोर्टही तोच यायला हवा.

हा धंदा चालतो, कारण वाढलेलं कोलेस्टेरॉल जाणवत नाही. ना दुखतं, ना खुपतं. शिबिरात मात्र विचारतात: हातापायाला मुंग्या येतात का? मान दुखते का? जिना चढताना थकवा येतो का? पन्नाशीनंतर यातल्या एखाद्या प्रश्नाला 'हो' न म्हणणारा विरळा. मुंग्या मधुमेहाने किंवा बी-१२ च्या कमतरतेने येऊ शकतात, मानदुखी बहुधा स्नायूंची किंवा मणक्याची असते. पण 'हो' म्हटलं की लाल ओळ पटते. उलट, सडपातळ आणि शाकाहारी माणूस 'आपल्याला कसलं कोलेस्टेरॉल' म्हणून तपासणीच करत नाही. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच जास्त असतं.

मग पावडर किंवा काढा येतो, तीन महिन्यांचा 'कोर्स', किंमत काही हजार. तो खपतो एका चित्राच्या जोरावर: नस म्हणजे नळ, कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात अडकलेला गाळ, आणि औषध म्हणजे गाळ धुऊन काढणारं पाणी. हे चित्रच चूक आहे. कोलेस्टेरॉल नळाच्या पोकळीत साचत नाही. ते रक्तवाहिनीच्या अस्तराखाली, भिंतीच्या आत शिरतं. तिथे पेशी, तंतू आणि कॅल्शियम मिळून त्याची गाठ होते. प्यायलेलं काहीही तिथे जाऊन ती धुऊ शकत नाही.

फोनवर फिरणारी कृती याच चित्रावर बेतलेली आहे. लसूण, आलं आणि लिंबू यांचा प्रत्येकी एक कप रस, एक कप अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. चार कपांचे तीन कप होईपर्यंत आटवायचं, गार झाल्यावर तीन कप मध घालायचा आणि रोज उपाशीपोटी एक मोठा चमचा घ्यायचा. व्हिनेगरच्या आंबटपणाने ब्लॉकेज 'विरघळतं' म्हणे. रक्ताचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, काहीही प्या. चमच्यातला निम्मा भाग मात्र मध असतो, म्हणजे मधुमेह्याच्या पोटात रोज सकाळी सुमारे आठ ग्रॅम साखर. जळजळीचा त्रास असलेल्याला हा काढा बाधतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना लसणाचा अर्क भरपूर घेणं धोक्याचं आहे. नुसत्या लसणाचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या गोळ्या किंवा औषध नसलेली खोटी गोळी देऊन पाहिलं. २००७ मध्ये निष्कर्ष आला: एलडीएल कमी झालं नाही. पावडरींमधलं लाडकं द्रव्य म्हणजे गुग्गुळ. त्याच्या अर्काची १०३ जणांवर आठ आठवडे झालेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल चार-पाच टक्क्यांनी वाढलं, काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

तरीही लोक म्हणतात, "आमचा आकडा खरंच उतरला." हे लोक खोटं बोलत नसतात. म्हणूनच आकडा कसा 'उतरवला' जातो ते नीट समजून घ्यायला हवं.

बऱ्याच रिपोर्टमध्ये एलडीएल थेट मोजलेलं नसतं, गणिताने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. समजा उपाशीपोटी एकूण २२०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड १५० आहे. एलडीएल आलं १५०. तोच माणूस पोटभर जेवून गेला आणि ट्रायग्लिसराइड २५० झालं, की एलडीएल निघतं १३०. औषधाचा एक चमचाही न घेता वीसने कमी. म्हणून पहिली आणि दुसरी तपासणी एकाच लॅबमध्ये, बारा तास उपाशी राहून करावी, आणि एलडीएल मोजलंय की काढलंय हे रिपोर्टवर पाहावं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित चालतच नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असलेली बरी.

दुसरी खेळी जास्त घातक. पहिला महिना सांगतात, डॉक्टरांची गोळी चालू ठेवा, तेल-तूप कमी करा, रोज चाला आणि सोबत पावडर घ्या. आकडा उतरतो तो गोळीने आणि पथ्याने, श्रेय पावडरीला जातं. विश्वास बसला की सांगतात, "आता गोळीची गरज नाही, तिची सवय लागते." ही गोळी बहुधा स्टॅटिन असते, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, आणि तिची व्यसनासारखी सवय लागत नाही. बंद केल्यावर काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथे परत जातं, इतकंच. स्टेंट बसवलेल्या किंवा झटका येऊन गेलेल्या माणसाने गोळी अशी परस्पर बंद करणं म्हणजे पुढच्या झटक्याची शक्यता वाढवणं. आम्हाला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. बुडालेले पैसे पुन्हा कमावता येतात.

'लाल यीस्टचा तांदूळ' असलेल्या पावडरी खरंच आकडा उतरवतात, कारण त्यातला मोनाकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन, स्टॅटिनच. फक्त मात्रा किती ते कुणालाच ठाऊक नसतं. डॉक्टरांच्या गोळीवर ही पावडर चढली की स्नायूंना इजा होऊ शकते. अंग खूप दुखायला लागलं आणि लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पावडरीचा डबा सोबत न्या.

शिबिरात एक वाक्य हमखास कानावर येतं: "अमेरिकेनेच २०१५ मध्ये कोलेस्टेरॉलला निर्दोष ठरवलं." त्या वर्षीच्या आहार-मार्गदर्शनातून आहारातल्या कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा गेली, हे खरं आहे. अंड्याची भीती कमी झाली, रक्तातल्या एलडीएलची नाही. त्याच मार्गदर्शनात संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली ठेवा असंही आहे, ते वाक्य कुणी वाचून दाखवत नाही. तेलाच्या पिशवीवरचं 'कोलेस्टेरॉल-फ्री' हेही तसंच अर्धसत्य. शेंगदाणा, करडई, खोबरेल, कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतंच. खोबरेलात संपृक्त चरबी भरपूर असते आणि ती एलडीएल वाढवते. पिशवीवर संपृक्त आणि ट्रान्स फॅटचा आकडा वाचा.

पैसे देऊन बसला असाल तर पावती, डबा, पत्रक, दांडीचा रिपोर्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश जपून ठेवा. हृदयरोग किंवा धमन्या कठीण होण्याचा आजार बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. पत्रक घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पैशांसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेसाठी फी नाही. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. गोळी बंद केली असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा, पावडरीचं नावही सांगा, आणि गोळी पुन्हा सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल करून घ्या.