छोट्या उपग्रहासाठी जायरो: मेम्स घ्यावा की फायबर ऑप्टिक?

ओझरला धावपट्टीलगत विमान काही मिनिटं स्थिर उभं राहिलं की त्याची इनर्शियल यंत्रणा (बाहेरच्या खुणेशिवाय स्वतःची हालचाल मोजणारी) गुरुत्वाकर्षणावरून पातळी आणि पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर दिशा शोधते. कक्षेत ही सोय नाही. मुक्त पतनात अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) शून्यच दाखवतो; थ्रस्टर, म्हणजे ढकलणारं छोटं इंजिन, पेटला तरच त्याला काम. सूर्य-तारे दिसत नसतील तेव्हा दिशेचा सगळा भार जायरोवर, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर, आणि जायरो भरकटतोच.

तेव्हा नाशिकच्या कॉलेजात तीन-चार किलोचा उपग्रह जुळवताना आधी हिशोब सावलीचा करा. ५०० किमी उंचीवर पृथ्वीची सावली जास्तीत जास्त ३५-३६ मिनिटं टिकते. तेवढा वेळ सूर्य पाहून दिशा सांगणारा सूर्यसेन्सर आंधळा. मेम्सचा (सिलिकॉन चिपवरचा सूक्ष्म जायरो) उरलेला बायस, म्हणजे स्थिर असतानाही दिसणारं खोटं फिरणं, ताशी १ अंश धरला तर सावलीतून बाहेर येताना सुमारे ०.६ अंश चूक. ताशी ०.०५ अंशांच्या फायबर ऑप्टिकची (काचतंतूच्या गुंडाळीतल्या प्रकाशावरून फिरणं मोजणारा जायरो) ०.०३. पण तीन अक्षांचा फायबर संच साधारण किलोभर वजनाचा, आणि वीजही कित्येक वॉट खातो. मेम्स ५०-६० ग्रॅममध्ये भागतो. आमचा कौल: मेम्स घ्या, वाचलेलं वजन आणि वीज ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या स्टार सेन्सरला द्या. (शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानावर तिसऱ्याच जातीचे, अर्धगोल रेझोनेटरचे (कंप पावणाऱ्या अर्धगोलाचे) जायरो होते. किंमत विचारू नका.)

बिघडण्याच्या तऱ्हा वेगळ्या. किरणोत्साराने फायबर काळवंडतो, प्रकाश घटतो, गोंगाट वाढतो. गुंडाळी एका बाजूने तापली तर खोटं फिरणं दिसतं. मेम्सच्या चिपमध्ये एखादा भारित कण लॅच-अप (आतल्या आत शॉर्टसर्किट) घडवतो, करंट अचानक चढतो. पुरवठ्यावर करंट-लिमिटर हवाच, आणि तो आपोआप वीज तोडून पुन्हा जोडणारा हवा. अवकाशात उष्णता वाहून न्यायला वातावरण नसतं, त्यामुळे बैठकीचा धातू-धातू संपर्क नीट बसवा.

घेण्याआधी टेबलावर तपासा. नाशिक २० अंश अक्षांशावर. उभ्या अक्षाला पृथ्वीचं फिरणं ताशी ५.१ अंश दिसायला हवं. तासभर सरासरी घ्या, जायरो उलटा करा, पुन्हा तासभर. दोन आकड्यांच्या फरकाचा निम्मा ५.१ यावा, बेरजेचा निम्मा म्हणजे बायस. पातळी चोख ठेवा: १ अंश उत्तर-दक्षिण कलला तरी ताशी पाव अंश चुकतं. मेम्सचा बायस पहाटेच्या गारठ्यात आणि दुपारी वेगवेगळा येईल. तो तक्ता सॉफ्टवेअरमध्ये भरा.

त्या सॉफ्टवेअरकडे दुर्लक्ष नको. २०१६ मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहात ताशी २१.७ अंशांचा चुकीचा बायस-अंदाज तसाच राहिला. स्थिर उपग्रह स्वतःला फिरता समजून उलटा फिरू लागला, पुढे चुकीच्या थ्रस्टर आज्ञांनी वेग वाढून तुटला. टेबलावर जो सर्वांत मोठा बायस दिसला, त्याच्या दुपटीपलीकडचा अंदाज कोडने नाकारावा.