ओपनएसएसएल ३: सर्टिफिकेटच्या फायलींसाठी भरवशाचं, पण कडक शिस्तीचं टूल

फुकट, मुक्त-स्रोत आणि सर्टिफिकेटचे (वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याचे) जवळपास सगळे फॉरमॅट वाचणारं कमांड-लाइन टूल. फक्त एक्स्टेन्शनवर विसंबू नका. सीआरटी फाइलीत पेम (मजकुराच्या रूपातला फॉरमॅट) असेल किंवा डेर (बायनरी फॉरमॅट). टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा: पाच डॅशांनंतर ‘बिगिन सर्टिफिकेट’ दिसलं तर पेम, नुसती अगम्य चिन्हं दिसली तर बहुधा डेर.

जुनी पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, पासवर्डखाली एकत्र ठेवणारी) मात्र इथे हमखास अडते. पासवर्ड बरोबर असतो, तरी ‘अनसपोर्टेड’ अशी एरर येते. कारण अशा बऱ्याच फायलींतली सर्टिफिकेटं ४०-बिट आरसी२ या जुन्या एन्क्रिप्शन अल्गोरिदमने कुलूपबंद असतात, आणि २०२१च्या ३.० आवृत्तीपासून तो अल्गोरिदम लेगसी प्रोव्हायडरमध्ये (आपोआप लोड न होणाऱ्या, जुन्या अल्गोरिदमच्या मॉड्यूलमध्ये) गेला आहे. कमांडला ‘लेगसी’ पर्याय जोडा, फाइल उघडेल. एरर संदेशातच हे सांगायला हवं होतं. ही या टूलची खरी उणीव.

‘नोएन्क’ (एन्क्रिप्शन नको) पर्याय देऊन प्रायव्हेट की काढली तर ती विनापासवर्ड डिस्कवर पडते; फाइलीची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) आहे ना, तपासा. सर्व्हरला द्यायच्या सर्टिफिकेटांच्या साखळीत आधी आपलं सर्टिफिकेट, मग इंटरमीडिएट (आपल्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या संस्थेचं मधलं सर्टिफिकेट). क्रम उलटला तर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ म्हणत सुरूच होत नाही.