गोंदण, गरम पाणी आणि किनोसाकीची गाडी

सोयाबीन घरात आले आणि तूर शेतात उभी होती, अशा नोव्हेंबरअखेरीस आईला घेऊन मी जपानला गेले. गरम पाण्याच्या झऱ्यावर, ज्याला तेथे ओनसेन म्हणतात, दोन दिवस राहायचे हे पक्के होते. अडचण होती ती आईच्या गोंदणाची. दारव्ह्याकडच्या तिच्या पिढीतील बहुतेक बायकांप्रमाणे तिचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले आहेत. जपानमध्ये अंगावरच्या गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जात आल्यामुळे अनेक स्नानगृहांत अशा माणसांना प्रवेश मिळत नाही. ह्योगो प्रांतातील किनोसाकी येथील सात सार्वजनिक स्नानगृहांत मात्र ही अट नाही, म्हणून आम्ही हेच गाव निवडले, आणि निवड योग्य ठरली.

क्योतोहून किनोसाकीला थेट एक्स्प्रेस गाडी आहे आणि ती सुमारे अडीच तास घेते. तोक्यो ते क्योतो आम्ही शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने आलो होतो, परंतु मला अधिक आवडली ती ही दुसरी गाडी. तिचे रूळ 1067 मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे तीही नॅरो गेजच, अरुंद रुळांची. मार्गाचा बराचसा भाग एकेरी, बाजूला डोंगर, नदी आणि कापणी झालेली धानाची बांधी. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला नावाच्या गाडीत बसून ज्यांनी बालपण घालवले, त्यांना 762 मिलिमीटरच्या त्या रुळांची आठवण येऊन थोडे वाईट वाटल्यावाचून राहणार नाही. रूळ अरुंद असले म्हणजे गाडी रखडलीच पाहिजे असे नसते, हे येथे दिसते.

मुक्कामाला उतरलेल्या पाहुण्यांना सातही स्नानगृहांचा पास विनामूल्य मिळतो. संध्याकाळी सारे गाव युकाता नावाचा सुती झगा अंगावर चढवून आणि गेता नावाच्या लाकडी खडावा पायांत घालून नदीकाठच्या विलोवृक्षांखालून एका स्नानगृहाकडून दुसऱ्याकडे जात असते, आणि दगडी पुलावर त्या खडावांचा खटखट आवाज रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. पाण्यात उतरण्यापूर्वी बुटक्या स्टुलावर बसून, साबण लावून स्वच्छ आंघोळ करावी लागते. कुंड हे अंग धुण्यासाठी नसून अंग शेकण्यासाठी आहे. कपड्यांशिवाय उतरायचे म्हटल्यावर आई दारातच थबकली. तेव्हा तिच्याच वयाच्या एका जपानी बाईने आपला लहान पंचा घडी करून डोक्यावर ठेवून दाखवला, आईच्या हातावरच्या गोंदणाकडे पाहून हसली आणि बाजूला सरकून जागा करून दिली. पाण्यात मानेपर्यंत बसल्यावर आई म्हणाली, "अवं पोरी, हे त आपलं उनकेश्वरच होय." फरक एवढाच की पैनगंगेकाठच्या उनकेश्वराला गंधकाचा वास येतो, तर येथील पाणी चवीला किंचित खारट आहे. मे महिन्यातील आमच्याकडचे ऊन सोसलेल्या माणसालाही ते पहिल्या क्षणी चटका देते. दहा मिनिटांत बाहेर यावे, हे बरे.

तक्रार जेवणाची. आम्ही उतरलो त्या निवासात मांसमासळी चालत नाही असे आगाऊ कळवले होते, तरीही रश्श्यात सुक्या मासळीचा अर्क होता, आणि ही गोष्ट आम्हाला अर्धी वाटी संपल्यावर कळली. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचा हा अर्क जवळजवळ सगळीकडे असतो, तेव्हा "मासे नकोत" एवढे सांगून भागत नाही, दाशीचे नाव घेऊन सांगावे लागते. आईने दोन्ही दिवस भात आणि घरून नेलेली जवसाची चटणी खाल्ली. शिवाय हा हंगाम खेकड्यांचा असल्याने निवासांचे दर चढलेले असतात. खेकडा खाणार नसाल तर त्या दराने राहण्यात अर्थ नाही.

सात दिवसांचा रेल्वे पास 2023 च्या ऑक्टोबरपासून 50,000 येनांचा झाला आहे. तोक्यो-क्योतो जाण्यायेण्याचे तिकीट सुमारे 28,000 येनांत पडते, त्यामुळे आमच्यासारख्या मोजक्या प्रवासाला सुटी तिकिटेच परवडतात. प्रत्येक स्नानगृहाला आठवड्यातून एक दिवस सुटी असते आणि ती वेगवेगळ्या वारी असते, हे आधी पाहून न गेल्यामुळे आमची सातपैकी पाचच झाली.